असईचे रान आणि हुद्द्याची ओढ

जालना जिल्ह्यातील धावडा या गावापासून फार दूर नसलेल्या असईचे नाव आपल्या शालेय इतिहासात जेमतेम एका ओळीपुरते येते. इंग्रजी लष्करी वाङ्मयात मात्र त्याला दोनशे वर्षे मानाचे स्थान आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. पुढे वॉटर्लूचा विजेता ठरलेल्या या सेनापतीला आपली सर्वोत्तम रणकामगिरी कोणती असे विचारले असता त्याने असईचेच नाव घेतले. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकाराची ‘शार्प्स ट्रायम्फ’ ही १९९८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी याच रणभूमीवर शेवटास जाते. आपल्या मातीवर घडलेली ही कथा आपल्या वाचकांनी वाचावी असे आम्हाला वाटते. पण ती डोळे उघडे ठेवून वाचावी, असेही वाटते.

वरवर पाहता ही साहसकथा आहे. तिच्या गाभ्याशी मात्र एकच प्रश्न आहे : माणूस लष्करी अधिकारी का होऊ पाहतो? नायक रिचर्ड शार्प हा लंडनच्या गल्लीत वाढलेला अनाथ. फटक्यांची शिक्षा भोगलेला आणि टिपूच्या बंदिवासात अक्षरे गिरवायला शिकलेला हा सार्जंट. त्याला अधिकारी व्हायचे आहे, कारण त्याला पुन्हा कोणाच्या पायाखाली राहायचे नाही. त्याच्यासमोर लेखकाने तीन माणसे उभी केली आहेत. डॉड हा कंपनीचा फितूर अधिकारी. एका सोनाराच्या मृत्यूबद्दल खटला होईल या भीतीने तो शिंद्यांकडे पळतो आणि तेथे बढती शोधतो. पोलमन हा शिंद्यांच्या पायदळाचा जर्मन सेनानी. त्याच्या लेखी शिपाईगिरी हा धंदा आहे आणि तो शार्पलाही हुद्द्याचे आमिष दाखवतो. तिसरा कर्नल मॅक्कँडलेस, श्रद्धाळू आणि सरळमार्गी. त्याला सेवा म्हणजे दिलेला शब्द. सूड, धन आणि निष्ठा अशा तीन वाटांच्या तिठ्यावर शार्पचे मन घोटाळते, ते प्रसंग आम्हाला कादंबरीत सर्वांत सरस वाटले.

इतिहासही या चित्रणाला पुष्टी देतो. त्या काळी इंग्रजांच्या राजसेनेत हुद्दे विकत घेता येत. खुद्द वेलस्लीही पैसे मोजूनच लेफ्टनंट कर्नल झाला होता. ही पद्धत १८७१ साली बंद झाली. शिंद्यांकडे महादजींच्या काळात द ब्वान्यने कवायती पलटणी उभारल्या आणि नशीब काढायला आलेल्या अनेक युरोपियनांना तेथे आश्रय मिळाला. १८०३ साली युद्ध पेटताच इंग्रजांनी चाकरी सोडणाऱ्यांना अभय व भत्ता देऊ केला, तेव्हा त्यांतील कित्येक निघून गेले. पोलमन राहिला, पण पुढे तोही कंपनीच्या चाकरीत गेला. पगारासाठी घेतलेला हुद्दा अधिक पगारापुढे किती टिकतो, याचे एवढे रोकडे उदाहरण विरळाच.

मग असईत टिकले कोण? टिकले ते शिंद्यांचे गोलंदाज. मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिलेल्या या माणसांनी उठून पुन्हा तोफा डागल्या, ही नोंद आहे. कंपनीच्या बाजूने मद्रासच्या देशी पलटणीही त्याच माऱ्यात उभ्या होत्या. इंग्रजांकडील मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून दीड हजारांवर गेले, त्यांत देशी शिपाई मोठ्या संख्येने होते. येथेच कॉर्नवेल यांच्या दृष्टीची मर्यादा जाणवते. सूडासाठी इंग्रजांशी हातमिळवणी करणारा एक मराठा सरदार त्यांनी रंगवला आहे खरा. परंतु त्याला ‘सय्यद सेवाजी’ असे कानाला खटकणारे नाव देऊन त्यांनी आपले अपरिचितपणच उघड केले आहे. जो गोलंदाज तोफेजवळ मेला तो का थांबला, हा प्रश्न कादंबरीत उपस्थितच होत नाही. हुद्द्याची ओढ इंग्रज सार्जंटला असू शकते. कंपनीच्या देशी शिपायाला मात्र सुभेदारीपलीकडे वाट नव्हती, आणि सुभेदारही मिसरूड न फुटलेल्या गोऱ्या एन्साइनच्या हुकुमाखाली असे. ज्याला दारच नाही त्याच्या आकांक्षेची कथा कोण लिहिणार?

ते दार उघडायला शतकाहून अधिक काळ लागला. डेहराडूनची लष्करी अकादमी १९३२ साली सुरू झाली. शार्पसारखाच शिपाई म्हणून भरती होऊन अधिकारी झालेला एक माणूस आपल्या सीमाभागाने दिला : कारवारजवळच्या चेंडिया येथील राम राघोबा राणे. १९४० साली ते बॉम्बे सॅपर्समध्ये शिपाई म्हणून दाखल झाले, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले आणि १९४७ च्या डिसेंबरात सेकंड लेफ्टनंट झाले. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रणगाड्यांसाठी त्यांनी सुरुंग काढले, अडथळे फोडले, वाट केली. मांडीला जखम असताना, चालत्या रणगाड्याच्या खाली सरपटत, दोरीने चालकाला खुणा देत त्यांनी सुरुंगांचा पट्टा पार करवला. त्यांना परमवीरचक्र मिळाले. शार्पने सेनापतीचे प्राण वाचवून हुद्दा मिळवला; राण्यांनी हुद्दा मिळाल्यावर इतरांसाठी वाट काढली. पहिल्या कथेत हुद्दा हे बक्षीस आहे, दुसरीत ते काम आहे. आमच्या मते साहित्याने जपावा असा भेद हाच.

न्याय करायचा तर कॉर्नवेल यांनाही ही पोकळी जाणवली असावी. पुढच्याच ‘शार्प्स फोर्ट्रेस’ या कादंबरीत अधिकारी झालेला शार्प एकाकी आणि उपरा आहे. वर चढून आल्यावर आता कोणासाठी, हा प्रश्न त्याला गाठतो. परंतु लेखक त्याला आणखी एका लढाईत ढकलतो आणि उत्तर तसेच राहते.

हे उत्तर धावड्यासारख्या गावांना हवे आहे, म्हणून आम्ही या कादंबरीवर इतके लिहिले. आपल्या खेड्यांतील मुले पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात ती जवान म्हणून भरती होण्यासाठी. त्या कष्टांत उणे काही नाही. परंतु दहावीनंतर मुलांना प्रबोधिनीच्या परीक्षेसाठी तयार करणारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था शासनाने १९७७ साली याच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, काढली, हे त्यांतील किती जणांच्या कानी पडते? २०२२ पासून खडकवासल्याचे दार मुलींनाही खुले झाले आहे. दार आहे, ते आपल्यासाठी आहे ही जाणीव मात्र अजून पोचायची आहे. पगार, मान, घरच्या गरिबीतून सुटका ही कारणे खोटी नाहीत, आणि त्यांची लाज बाळगण्याचे कारण नाही. शार्पही तेथूनच निघाला. मात्र माणसाला वर्दीपर्यंत आणणारे कारण आणि त्याला वर्दीत उभे ठेवणारे कारण एकच असते असे नाही. ज्यांच्या जिवाची जबाबदारी आपल्या शब्दावर आहे त्यांची ओळख पटल्यावर दुसरे कारण जन्माला येते. त्याची कथा मराठीत लिहिली जावी, आणि तिची सुरुवात असईच्या त्या अनाम गोलंदाजापासून व्हावी, अशी आमची इच्छा आहे.