डाग दिसला, पुढे काय?

वैद्यकीय प्रतिमांविषयीचे मराठी लेख एकापाठोपाठ एक वाचले, तर त्यांचा साचा ठरलेला दिसतो. १८९५ साली राँटगेन यांना क्ष-किरण सापडले, १९७१ साली लंडनमधील एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला, मग सोनोग्राफी, एमआरआय, पेट स्कॅन आणि शेवटी कृत्रिम बुद्धिमत्ता. प्रत्येक यंत्र आधीच्यापेक्षा बारीक पाहते, म्हणून वैद्यक तेवढे पुढे गेले, हा निष्कर्ष. शाळेतले तक्ते आणि विज्ञान प्रदर्शनातले प्रकल्पही याच वाटेने जातात. यातली माहिती खोटी नाही. पण ती अपुरी आहे आणि या अपुरेपणाची किंमत शेवटी रुग्णाला मोजावी लागते, असे आमचे म्हणणे आहे.

पहिली उणीव अशी, की यंत्र नेमके काय मोजते हे सांगितलेच जात नाही. 'शरीराच्या आतला फोटो' एवढ्यावर भागवले जाते. सोनोग्राफीचे यंत्र प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ मोजते. मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर धरतात. प्रतिध्वनी १०० मायक्रोसेकंदांनी परत आला, तर तो ७.७ सेंटिमीटर खोलीवरून आला. जाण्यायेण्याचे अंतर म्हणून दोनाने भागायचे, एवढेच. ध्वनीचा धडा झालेला कोणताही विद्यार्थी हे गणित करू शकेल. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण कुठे किती अडले हे मोजतात. त्याच्या मापपट्टीवर पाणी शून्यावर आणि हवा उणे १००० वर असते. एमआरआयमध्ये हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांकडून येणारे संकेत टिपले जातात.

म्हणजे पडद्यावरचा डाग ही मोजमापांवरून रचलेली आकृती असते. तो डाग कर्करोगाचा आहे की नाही, हे बहुतेक वेळा ऊतीचा तुकडा काढून, त्याचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच ठरते. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. यंत्रांच्या गौरवगाथेत ही माणसे आणि हे काम आम्हांला क्वचितच आढळते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. दिसलेली प्रत्येक गोष्ट धोक्याचीच, असे हे लेख गृहीत धरतात. आमच्या नृसिंहवाडीत कृष्णा-पंचगंगेचे पाणी पावसाळ्यात चढते. ते देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडले, की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक स्नानाला गर्दी करतात. २००५, २०१९ आणि २०२१ साली हेच पाणी महापुराचे झाले आणि घरे सोडावी लागली. पायरीवर पाणी दिसले एवढ्यावरून वाडीतला माणूस सामान बांधत नाही. पाणी कोणत्या वेगाने चढते आहे, वर पाऊस किती, धरणातून विसर्ग किती, हे तो विचारतो. शरीरातल्या डागाबाबतही हेच विचारायला हवे.

ते न विचारल्यास काय होते, हे दक्षिण कोरियात दिसले. तेथे १९९९ मध्ये कर्करोग तपासणीची राष्ट्रीय योजना सुरू झाली. थायरॉइड तिच्यात नव्हता. पण अनेक रुग्णालयांनी थोड्या जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफी देऊ केली. २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. ज्या गाठी जन्मभर त्रास देणार नव्हत्या, त्याही यंत्राने दाखवल्या. त्यापायी हजारो माणसांच्या ग्रंथी काढल्या गेल्या आणि अनेकांना रोजची गोळी कायमची लागली. यंत्र चुकले नव्हते. त्याने दाखवलेल्याचा अर्थ लावण्यात चूक झाली.

तिसरी उणीव म्हणजे साध्या तपासणीची उपेक्षा. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर टाटा स्मारक केंद्राने दीर्घ अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन, गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल लावून पांढरे पडलेले भाग ओळखायला शिकवले. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या. तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. याच स्त्रियांच्या स्तनांची हाताने तपासणी केल्याचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याखालच्या वयात मात्र घट आढळली नाही. तुलनेच्या गटाला ही तपासणी न देणे योग्य होते का, असा आक्षेपही या अभ्यासावर घेतला गेला आणि तो विचार करण्याजोगा आहे. तरीही किती जीव वाचले, हा प्रश्न येथे मोजून विचारला गेला. प्रतिमा किती सुबक आली, यापेक्षा ही कसोटी आम्हांला महत्त्वाची वाटते.

यावरून प्रतिमातंत्र निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये. अर्धांगाचा झटका आलेल्या रुग्णाच्या मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅन काही मिनिटांत सांगतो. दोन्हींचे उपचार परस्परविरुद्ध असल्याने त्यावर प्राण अवलंबून असतात. लक्षणे असलेल्या माणसाने तपासणी टाळू नये. प्रश्न आहे तो काहीही त्रास नसलेल्या माणसाने 'सगळे शरीर तपासून घ्या' या जाहिरातीला किती भुलावे हा.

शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. यंत्रांचा तक्ता वर्गात लावाच. पण प्रत्येक यंत्रापुढे तीन रकाने आखा. हे काय मोजते? त्यावरून काय कळते आणि काय कळत नाही? त्याने कोणाचे आयुष्य वाढले, हे कसे तपासले? तिसरा रकाना बऱ्याचदा रिकामा राहील. तो रिकामाच दाखवावा. शोधांच्या सनावळीपेक्षा ती रिकामी जागा विद्यार्थ्याला अधिक शिकवील.