नाच्या : भूमिका आणि माणूस (गणपत पाटील यांच्या निमित्ताने)

मराठी तमाशापटाचा इतिहास लिहिताना नायिका, शाहीर आणि पाटील-सरपंच यांची दखल विस्ताराने घेतली जाते. नाच्याची मात्र एका वाक्यात बोळवण होते. कोल्हापूरचे नट गणपत पाटील (निधन २३ मार्च २००८) यांच्या वाट्याला हीच उपेक्षा आली. ‘जाळीमंदी पिकली करवंदं’ या नाटकातील नाच्याने त्यांना ओळख दिली आणि ‘सवाल माझा ऐका’ (१९६४), ‘केला इशारा जाता जाता’ (१९६५) यांसारख्या चित्रपटांच्या काळात ती ओळख इतकी पक्की झाली, की तिच्यापलीकडचा माणूस दिसेनासा झाला.

येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. जुन्या तमाशातील ‘नाच्या पोऱ्या’ हा स्त्रीच्या जागी उभा राहून नाचणारा मुलगा होता. पवळाबाईसारख्या स्त्रिया फडावर आल्यानंतर त्याचे ते प्रयोजन उरले नाही. चित्रपटातील नाच्या हा त्याचा वारसदार खरा. परंतु तो स्त्रीची भूमिका करीत नाही, तर स्त्रियांच्या मेळ्यात वावरणारा बायकी पुरुष म्हणून उभा राहतो. सोंगाड्या शब्दाने हसवतो, नाच्याला देहाने हसवावे लागते. पाटील यांची मान वेळावणे, हाताची लकब आणि ‘आत्ता गं बया’ हा उद्गार यांमागे तालाची पक्की जाण होती. ढोलकीच्या नेमक्या जागेवर पडणारा तो उद्गार विनोदाइतकाच संगीताचाही भाग होता. समीक्षेने हे कौशल्य तपासलेच नाही.

बालगंधर्वांनाही स्त्रीवेषानेच कीर्ती मिळाली आणि १९६४ साली पद्मभूषणही लाभले. तेथे भ्रम पूर्ण होता, म्हणून तो कलेत जमा झाला. नाच्याचा भ्रम जाणूनबुजून अपुरा ठेवलेला असतो, म्हणून तो टवाळीत जमा झाला. अर्थात संगीत नाटकाचा पांढरपेशा प्रेक्षक आणि तमाशाला चिकटलेला जातीचा कलंक या बाबीही या हिशेबातून वगळता येणार नाहीत.

हेदवी-गुहागर पट्ट्यातील नमनाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. गौळणीतील राधा आणि हशा पिकवणारी मावशी परंपरेने पुरुषच साकारीत आले. लुगडे उतरवून तो माणूस सकाळी होडीवर किंवा भाताच्या खाचरात दिसतो. त्याला सारा गाव नावाने ओळखतो. त्यामुळे सोंग सोंगापुरतेच राहते. चित्रपटाच्या प्रेक्षकाला अशी शेजारओळख नसते. त्याच्यासमोर केवळ प्रतिमा असते, आणि तीही पुनःपुन्हा तीच. पाटील यांना खऱ्या आयुष्यातही तृतीयपंथी समजले गेले, कुटुंबाला कुचेष्टा सोसावी लागली, याचे एक कारण या पुनरावृत्तीत आहे.

आनंद यादव यांच्या कादंबरीवर आधारलेल्या रवी जाधव दिग्दर्शित ‘नटरंग’ने (२०१०) याच प्रश्नाला हात घातला. गुणा कागलकर हा पिळदार शरीराचा पुरुष नाच्या होतो आणि हसणारा समाज त्याच्यावर अत्याचारही करतो. चित्रपट प्रभावी आहे. तथापि गुणाचे दुःख ‘पुरुष असूनही’ असे झाले, या गृहीतकावर तो बराच विसंबतो. पाटील यांच्याविषयीच्या गौरवपर लेखनाचीही हीच रीत आहे. ते विवाहित होते, मुलाबाळांचे होते, असे निक्षून सांगितले जाते. वस्तुस्थिती म्हणून ते बरोबरच आहे. पण बचाव म्हणून ते मांडले, की तृतीयपंथी असणे हा आरोपच ठरतो. मग जो कलावंत खरोखर तसा आहे, त्याने कोणता खुलासा करावा?

असे कलावंत पाटील यांच्या परिसरातच होते. यल्लम्माच्या नावाने लुगडे नेसून चौंडके-तुणतुण्यावर गाणारे जोगते कोल्हापूर-बेळगाव भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांनी आणि ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटाने त्यांची घुसमट मांडली. मात्र तेथे ते शोकात्म आहेत, हास्यकार नव्हेत. तृतीयपंथी व्यक्ती स्वतः विनोद करील आणि हसण्याचा रोख स्वतः ठरवील, ही शक्यता आपल्या पडद्याने क्वचितच विचारात घेतली. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. नाच्याच्या जुन्या भूमिका आता त्या ओळखीच्या प्रेक्षकांसमोरही पुन्हा दाखविल्या जात आहेत.

पाटील यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘रंग नटेश्वराचे’ हे नाव दिले. त्यात ‘नाच्या’ हा शब्द नाही.