बहिष्कार आणि रंगभूमी

अन्यायी राज्यसत्तेशी परदेशच्या साहित्यिकाने कोणत्या रीतीने वागावे, या प्रश्नाचा विचार करताना दक्षिण आफ्रिकेइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल. त्या देशात १९४८ साली नॅशनल पक्ष अधिकारारूढ झाला आणि १९५० च्या कायद्यांनी प्रत्येक मनुष्याचा वर्ण सरकारी दप्तरात नोंदवून त्याने कोठे राहावे हेही ठरवून टाकले. शाळा, आगगाडीचा डबा, समुद्रकिनारा, नाट्यगृह, सर्वत्र भिंती उभ्या राहिल्या. जगाने या व्यवस्थेचा धिक्कार केला. हिंदुस्थानने तर १९४६ सालीच तेथील हिंदी लोकांच्या गाऱ्हाण्यासाठी व्यापार तोडून संयुक्त राष्ट्रसंघापुढे फिर्याद नेली. आणि १९७४ साली डेव्हिस करंडकाचा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी खेळण्याचे नाकारून करंडकावर पाणी सोडले. परंतु आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो या निषेधाच्या एका लहानशा, पण साहित्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या प्रकरणाचा, नाटककारांच्या बहिष्काराचा.

१९६२ साली अॅथॉल फ्यूगार्ड या दक्षिण आफ्रिकेतीलच गोऱ्या नाटककाराने ब्रिटिश नाटककारांस उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. वर्णभेद पाळणाऱ्या नाट्यगृहांस आपली नाटके देऊ नका, अशी त्याची विनंती होती. पुढच्याच वर्षी अनेक ब्रिटिश नाटककारांनी जाहीर केले की, जेथे प्रेक्षकांत वर्णावरून भेद केला जातो अशा कोणत्याही नाट्यगृहास आपल्या नाटकांचे प्रयोग करण्याचा हक्क मिळणार नाही, असे कलम यापुढे आपल्या करारांत राहील. १९६८ साली राष्ट्रसंघाच्या आमसभेनेही सांस्कृतिक संबंध स्थगित करण्याची विनंती सर्व राष्ट्रांस केली.

'बहिष्कार' हा शब्द मराठी वाचकास दोन तोंडांचा भासल्यावाचून राहणार नाही. ग्रामण्ये करून माणसास जातीबाहेर टाकणारा बहिष्कार आपल्या समाजाने शतकानुशतके चालविला. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी आपल्या पत्रास 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले, त्यात तो सारा इतिहास एकवटला आहे. उलटपक्षी, वंगभंगानंतर लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत हाच शब्द निःशस्त्र लोकांचे शस्त्र बनला. शब्द एकच, पण वरून खाली फेकला तर तो जुलूम होतो आणि खालून वर उगारला तर प्रतिकार होतो. म्हणून कोणत्याही बहिष्काराची परीक्षा करताना पहिला प्रश्न हा विचारावा की, तो मागितला कोणी? दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. १९५९ साली आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष आल्बर्ट लुथुली यांनीच परदेशीयांस बहिष्काराचे आवाहन केले होते. बहिष्काराने गरीब काळ्यांचेच नुकसान होईल हा आक्षेप त्यांच्या वतीने इतरांनी घ्यावा, यात आम्हांस फारसे स्वारस्य वाटत नाही.

तथापि नाटक म्हणजे संत्र्यांची पेटी नव्हे. पेटी परत पाठविली तर विकणाऱ्याचे नुकसान होते. नाटक परत घेतले तर ऐकणाऱ्याचे. आमच्याकडे कलेकरिता कला की जीवनाकरिता कला, हा वाद प्रा. फडके आणि श्री. खांडेकर यांच्या नावांनी गाजला. तेथे हाच वाद विचित्र रूपाने उभा राहिला. कलेची थोरवी मानणाराच तिला आवरून धरीत होता, कारण कला जीवनाहून निराळी नाही असे तो मानीत होता. पण ज्या सरकारने १९६३ साली ग्रंथ व करमणूक यांवर नियंत्रणाचा कायदा करून विचारांची आयात बंद केली, त्याच्याच खिडक्या बाहेरून लावण्याचे काम बहिष्काराने नकळत केले नाही काय? स्वतः फ्यूगार्डचे मत काही वर्षांत पालटले. मौनापेक्षा बोलणे बरे, असे त्यास वाटू लागले. याच माणसाचा पारपत्राचा हक्क सरकारने १९६७ ते १९७१ पर्यंत काढून घेतला होता, हे ध्यानात घेता त्याच्या मतांतरास भीतीचे फळ म्हणता येणार नाही.

या वादाचा निकाल तर्काने लागत नाही. एका नाट्यकृतीने लागतो, असे आमचे मत आहे. १९७२ साली केप टाउन येथील 'स्पेस' या छोट्या नाट्यगृहात 'सिझवे बांझी इज डेड' हे नाटक प्रथम झाले. फ्यूगार्ड आणि जॉन कानी व विन्स्टन न्ट्शोना हे दोन काळे नट यांनी ते मिळून रचले. पोर्ट एलिझाबेथच्या न्यू ब्रायटन वस्तीतील एका छायाचित्रकाराच्या दुकानात एक मनुष्य आपले चित्र काढवून घेण्यास येतो. त्याच्या पासावर शहर सोडून जाण्याचा हुकूम पडला होता. रस्त्यात सापडलेल्या एका प्रेताच्या खिशातील पास घेऊन तो त्या मृताचे नाव धारण करतो. नाव मेले म्हणजे माणूस जगतो! या कथेत आक्रोश फारसा नाही. आरंभीचे छायाचित्रकाराचे भाषण तर इतके खेळकर आहे की, प्रेक्षक हसता हसता सापळ्यात शिरतो. बाहेरच्या वाचकांची करुणा जागविणारी पुस्तके त्या देशातून अनेक निघाली. हे नाटक करुणा मागत नाही, ते हिशेब मागते. आणि ही त्याची श्रेष्ठता आहे.

पुढे लंडन व न्यूयॉर्क येथे त्याचे प्रयोग झाले, आणि १९७५ साली दोघा नटांस मिळून टोनी पारितोषिक लाभले. १९७६ साली ट्रान्सकाय प्रांतात याच नाटकामुळे ते तुरुंगात पडले, तेव्हा परदेशच्या नाट्यकर्मींनी उठविलेल्या निषेधानंतर त्यांची सुटका झाली. ज्यांनी आपली नाटके पाठविण्याचे नाकारले त्यांच्याच नगरांत तेथील नाटकास रंगमंच मिळाला. आमच्या मते बहिष्काराचे हे उत्तरार्ध होय, आणि त्यावाचून पूर्वार्ध अपुरा राहतो. नुसते आपले दार लावून घेणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात एवढेच.

हे उत्तरार्ध जेथे विसरले गेले तेथे घोटाळा झाला. १९८० सालच्या ठरावाने सांस्कृतिक बहिष्कार अधिक व्यापक झाला. आणि १९८६ साली पॉल सायमन या अमेरिकन गायकाने काळ्या वादकांसह 'ग्रेसलँड' ही ध्वनिमुद्रिका काढली तेव्हा मोठा गदारोळ उठला. ज्यांच्यासाठी निर्बंध होता त्यांच्याच वाद्यांचा आवाज जगास ऐकू आला, याचे काय करावे हे निर्बंध घालणाऱ्यांस कळेना. नियम सरकारच्या भिंतीसाठी केला होता. तो माणसांच्या तोंडावर पडू लागला.

१९९४ च्या निवडणुकीने ती राजवट संपली. फ्यूगार्ड २०२५ साली निवर्तला. कोणती इंग्रजी नाटके त्या काळी जोहान्सबर्गला झाली नाहीत, हे आज कोणास स्मरत नाही. सिझवे बांझीचे खोटे नाव मात्र जगाच्या स्मरणात राहिले आहे. बहिष्कार चुकीचा होता असे यावरून आम्ही म्हणत नाही. तो मागणाऱ्यांचा अधिकार निर्विवाद होता. आमचे म्हणणे इतकेच की, पीडितांच्या बाजूने उभा राहू इच्छिणाऱ्या साहित्यिकाने आपला आवाज आवरताना त्यांच्या आवाजास जागा करून द्यावी. दुसरे केल्यावाचून पहिले केले, तर रिकाम्या रंगमंचावर पडदा पाडल्यासारखे होईल.