'रंगीबेरंगी फुले' आणि एक हौशी माळी

प्रवासवर्णन हा आपल्या दिवाळी अंकांचा जुना फराळ. चकलीइतकाच ठरलेला, आणि बहुधा तितकाच साच्यातून काढलेला. गेली कित्येक वर्षे मी तो आवडीने वाचत आलो आहे. पण हौशी का होईना, मी माळी आहे. त्यामुळे एका ठिकाणी दाताखाली खडा हमखास येतो. लेखक उद्यानात शिरला की 'नानाविध रंगीबेरंगी फुलांनी नटलेले' एवढे लिहून बाहेर पडतो. देवळाचे खांब तो मोजून देतो, मुक्कामी काय जेवला तेही सांगतो. फूल कुठले होते हे मात्र त्याला विचारू नये.

हा दोष दुसऱ्यांच्या माथी मारून मला मोकळे होता येणार नाही. १९९४ च्या दिवाळीत मी स्वतः बंगळूरच्या लालबागेवर लेख लिहिला होता. परवा कपाट आवरताना तो हाती लागला. हैदर अलीने १७६० मध्ये घातलेला पाया, १८८९ चे काचघर, २४० एकरांचा विस्तार, सगळे बिनचूक. फुलांना मात्र एकच वाक्य, आणि त्यातही 'डोळ्यांचे पारणे फिटले'. कशाने फिटले, याचा लेखात पत्ता नाही.

त्या ऑगस्टमध्ये आम्ही पुष्पप्रदर्शनाला गेलो होतो. लालबागेत हे प्रदर्शन प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरते. काचघरात फुलांची भलीमोठी इमारत उभारलेली असते आणि लोक तिच्यापुढे दाटीवाटीने उभे असतात. मला ती तेव्हाही रुचली नव्हती; पण लेखात तसे लिहायचे धाडस झाले नाही. गुलाबाला वीट केले की त्याचा गुलाबपणा संपतो. अलंकारांनी लादलेल्या कवितेसारखे ते काम असते : मेहनत दिसते, झाड दिसत नाही.

खरी रचना काचघराबाहेर आहे. क्रुम्बिगेल नावाचा जर्मन उद्यानतज्ज्ञ लंडनच्या क्यू उद्यानातून १८९३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात आला आणि १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात गेला. (आमच्या बडोदेकर मंडळींना हे माहीत असेल, मला फार उशिरा कळले.) बंगळूरच्या रस्त्यांवर त्याने झाडांची निवडच अशी केली की एकाचा बहर ओसरावा तो दुसऱ्याचा सुरू व्हावा. वर्षभर चालणारे हे कथानक आहे. दोन तासांत बाग 'करणाऱ्या' प्रवाशाला त्यातले एकच पान वाचायला मिळते. पण ते पान कुठल्या महिन्याचे, एवढे तरी त्याने सांगावे की नाही? दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ चे. ते प्रवासवर्णन नव्हे, पण त्यात झाड नावाने येते आणि महिन्यासकट येते. एवढा धडा समोर असताना आम्ही 'रंगीबेरंगी'वर भागवत राहिलो.

आपल्या भागातल्या लेखकाला तर ही सबब मुळीच शोभत नाही. आपल्याकडे एकेका फुलाला दोन-दोन नावे आहेत. अबोली पलीकडच्या आळीत कनकांबर होते, कण्हेर कणगिले होते, जास्वंद दासवाळ होते. शेवंती आणि सेवंतिगे तर सख्ख्या बहिणीच. झेंडूला कानडीत चेंडूहूवू म्हणतात, आणि मुळात तो आला मेक्सिकोतून! इतके धन घरात असताना लेखणी हातात घेतली की आम्हाला एकही नाव का आठवू नये?

मला तरी का आठवले नाही, ते सांगतो. आमच्या सौ.चे माहेर धारवाडचे, तिची कानडी माझ्याहून कितीतरी चांगली. त्या दिवशी ती एका म्हाताऱ्या माळ्याशी बोलत उभी राहिली. तो संपिगे म्हणत होता, ती सोनचाफा. बियांपासून वाढवलेला चाफा आठ-दहा वर्षे फुलाची वाट पाहायला लावतो, कलम दोन-तीन वर्षांत फुलते, हे तिला तिथे कळले. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत, बस चुकेल म्हणून तिच्या मागे लागलो होतो. दिवाळीत लेख छापून आला तेव्हा तिने तो शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, "अहो, ती संपिगे कुठे गेली?" संपादकांनी पृष्ठे मोजून दिली होती, असे काहीतरी मी तिला सांगितले. ते खरे नव्हते. हैदर अलीला मी अख्खे पान दिले होते.

तिने तिथल्या रोपवाटिकेतून आणलेले कलम परसात आहे. तिच्या पश्चातही पावसाळ्यात फुलते. लेखाच्या समासात मी आता पेन्सिलीने दोन्ही नावे लिहून ठेवली आहेत, ऑगस्ट महिनाही. त्या माळ्याचे नाव लिहायचे होते. पण ते तिने विचारले होते की नाही, हे मी तिला कधी विचारलेच नाही.