सा. ल. हळदणकर : एका चित्राची कीर्ती आणि चित्रकाराचे विस्मरण

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील वास्तववादी चित्रपरंपरेत सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२-१९६८) यांचे स्थान महत्त्वपूर्ण आहे. सावंतवाडी येथे जन्मलेल्या हळदणकरांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था स्थापन केली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांतही त्यांचा समावेश होतो. असे असूनही त्यांचे सर्वाधिक परिचित चित्र अनेक रसिक राजा रविवर्मा यांचे समजतात. या गैरसमजाने हळदणकरांच्या कलेतील नेमके काय झाकले जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘ग्लो ऑफ होप’ :
१९४५-४६ च्या सुमारास रंगविलेले हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलासंग्रहात आहे. चित्रासाठी हळदणकरांची कन्या उभी राहिली होती. हाती दिवा घेतलेली स्त्री ज्योतीवर तळहाताचा आडोसा धरते. बोटांच्या कडांतून लालसर प्रकाश झिरपतो, चेहरा उजळतो आणि मागे छाया पसरते. रविवर्म्यांचे निधन १९०६ मध्ये झाले, एवढा कालनिर्देशही गैरसमज दूर करण्यास पुरेसा आहे. त्याहून महत्त्वाचा पुरावा माध्यमाचा आहे. रविवर्म्यांची ख्याती प्रामुख्याने तैलरंगांची, तर हे चित्र जलरंगातील आहे. तैलरंगात गडद थरावर उजळ रंग चढविता येतो. पारदर्शक जलरंगात मात्र उजेड म्हणजे राखून ठेवलेला कागद होय. ज्योतीची जागा आधी निश्चित करून भोवतीचा अंधार थरांनी गडद करावा लागतो आणि झालेली चूक सहसा झाकता येत नाही. चित्र रविवर्म्यांच्या नावे पाहिले की प्रेक्षक ते तैलचित्र समजतो व हे कौशल्य त्याच्या नजरेतून निसटते.

वारसा :
हळदणकरांनी तैलरंग व जलरंग या दोन्ही माध्यमांत व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे रंगविली. ‘मोहमेडन पिलग्रिम’ ही त्यांची आणखी एक उल्लेखनीय कृती होय. मात्र एका चित्राच्या लोकप्रियतेमुळे ही निर्मिती मागे पडली. त्यांच्या वास्तववादाला एक मर्यादाही आहे. देखण्या प्रकाशयोजनेत विषय कधी कधी भावुकतेकडे झुकतो. परंतु ही मर्यादा तपासण्यासाठीही चित्रे त्यांच्या नावाने समोर असावी लागतात.

निष्कर्ष :
चित्राचे श्रेय योग्य व्यक्तीस देणे ही समीक्षेची पहिली पायरी आहे. छापील प्रतिमांवरच विसंबणाऱ्या वर्गाध्यापनात चित्रकाराच्या नावासोबत माध्यम व काळ यांचीही नोंद झाली, तर हळदणकरांचा वारसा अधिक न्याय्यपणे पुढील पिढीकडे जाईल.