परै वाजली, हलगी कधी वाजणार?

गेल्या वैशाखात डोंबिवली पूर्वेच्या एका गावात हळदीला गेलो होतो. गाव म्हणायचं ते आता जुन्या सवयीनं. चारी अंगांनी टॉवर उठलेत, मधोमध गावदेवीचं देऊळ आणि दोन-चार कौलारू घरं तेवढी उरली आहेत. मांडवात डीजे होता आणि त्यावर एका नव्या मराठी चित्रपटातलं ‘आगरी’ गाणं लागलं होतं. पहिल्या कडव्यात ‘डोला’, दुसऱ्यात ‘डोळा’. ओळीच्या शेवटी ‘गो’ लावलं की भाषा आगरी होते, असा गीतकाराचा समज असावा. त्याच वेळी आतल्या पडवीत एक धवलारीण धवला, म्हणजे आगऱ्यांचं लग्नविधीचं गाणं, गात होती. सत्तरीची बाई, माईक नाही, साथीला वाद्य नाही. तिचा आवाज उंबऱ्याबाहेर पोचत नव्हता. मी उठलो आणि त्या उंबऱ्याशी जाऊन बसलो. तीन-चार सुरांच्या आत फिरणारी ती चाल. त्यात तिनं देवांना आवतण दिलं, मांडव उभा केला, नवऱ्याच्या अंगाला हळद लावून घेतली. बाहेरचं गाणं तिच्या समाजाच्या नावानं चाललं होतं आणि त्या गाण्यात ती कुठंच नव्हती.

घरी आल्यावर झोप लागेना, म्हणून ‘काला’ची गाणी पुन्हा लावली. पा. रंजित यांचा हा तमिळ चित्रपट जून २०१८ मध्ये आला. रजनीकांतच्या प्रवेशाला झालेल्या शिट्ट्या सगळ्यांना आठवतात, पण संतोष नारायणन यांच्या संगीताबद्दल मराठीत जेवढं बोलायला हवं होतं, तेवढं कुणी बोललं नाही. गोष्ट धारावीची, म्हणजे आपल्या दाराची. नाना पाटेकर आहेत, अंजली पाटील आहे, भांडण जमिनीचं आहे आणि नायकाच्या जीपचा क्रमांक १९५६ आहे. या वर्षाचा अर्थ नागपूरच्या दीक्षाभूमीवर जाऊन आलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की संगीतकारानं धारावीचं गाणं चेन्नईत बसून कल्पनेनं रचलं नाही. बहुतेक चित्रण चेन्नईजवळ उभारलेल्या सेटवर झालं, पण आवाज मात्र खऱ्या गल्लीतून आणला. धारावीत वाढलेल्या ‘डोपअ‍ॅडेलिक्स’ या गटाच्या पोरांना रॅप लिहायला आणि म्हणायला बसवलं. रजनीकांतच्या नावावर चालणाऱ्या चित्रपटात त्यांच्या उच्चारांना इस्त्री केली नाही. त्या पोरांचा ठेका ऐका. ओळ मात्रेच्या किंचित पुढे धावते, श्वास अपुरा पडतो आणि तो अपुरा श्वास तसाच ठेवला आहे. स्टुडिओतला कसलेला गायक हे करूच शकला नसता, कारण त्याला श्वास लपवायला शिकवलेलं असतं. मग उमादेवींनी लिहिलेलं ‘कण्णम्मा’ येतं. प्रदीप कुमार आणि धी यांचे आवाज, जवळजवळ रिकामी जागा, पन्नाशी-साठीतल्या दोन माणसांचं राहून गेलेलं प्रेम. अरिवूनं लिहिलेलं हक्काचं गाणं आहे, त्यात घोषणा आहे, पण ती जमावाच्या चालीवर पावलं टाकते. चित्रपट शेवटाला येतो तेव्हा पडद्यावर काळा, लाल आणि निळा रंग उधळला जातो. तोवर कानांना ते तिन्ही रंग ओळखीचे झालेले असतात, म्हणून तो शेवट पटतो.

‘नायकन’शी तुलना करून पाहा. १९८७ चा मणिरत्नम यांचा तो चित्रपट हा इळैयराजांचा चारशेवा. त्याचं संगीत थोरच आहे. पण त्यातलं जे गाणं सगळ्यांच्या काळजात घर करून बसलं, ते दक्षिणेच्या पांड्य देशाची आठवण काढतं. धारावीतला माणूस तिथं परका आहे आणि त्याचा कान मागे, गावाकडे लागलेला आहे. एकतीस वर्षांनी ‘काला’त तोच माणूस म्हणतो, ही माती माझी, आणि त्याचं गाणं त्याच मातीतून उगवतं. दोन पिढ्यांचा प्रवास या दोन संगीतांच्या मधल्या अंतरात मावतो. रहमानच्या ‘बॉम्बे’ची गाणी मधुर आहेत, ती कुठल्याही शहराची असू शकली असती.

‘काला’ अचानक उगवला नाही. रंजित यांच्या २०१२ मधल्या पहिल्या चित्रपटात, ‘अट्टकत्ती’त, गाना बाला हा गायक होता. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांत मयताच्या रात्री म्हणतात ते गाणं म्हणजे ‘गाना’. सभ्य लोक त्याला कान बंद करायचे. रंजित-नारायणन जोडीनं ते मानानं थिएटरात आणलं. जानेवारी २०१८ मध्ये, ‘काला’ येण्याच्या पाच महिने आधी, रंजित यांनी ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा वाद्यवृंद मंचावर आणला. एकोणीस जणांचा, आणि त्यात गिटारीच्या शेजारी परै. परै म्हणजे चामड्याचं चपटं चक्राकार वाद्य. दोन काठ्यांनी वाजवतात, वाजवण्याआधी विस्तवावर शेकतात, आणि ज्या जातीनं ते मयताला वाजवायचं त्या जातीला शतकानुशतकं त्याच वाद्याच्या नावानं हिणवलं.

हे वर्णन वाचताना कुठल्याही मराठी माणसाला हलगी आठवायला हवी. तेच चामडं, तोच विस्तव, तोच बहिष्कार. फरक इतकाच, की तमिळ चित्रपटात परै ताठ मानेनं उभी राहिली आणि आमच्या चित्रपटात हलगी अजून पाटलाच्या वाड्यात कोण येतंय याची वर्दी देते.

मराठीचा हिशेब मांडू. अजय-अतुल यांनी ‘जोगवा’त आणि ‘सैराट’मध्ये जे केलं ते मोठंच आहे. पण ‘सैराट’साठी हॉलिवूडच्या स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित झाला आणि तेव्हापासून मराठी संगीतकारांना भव्यतेचा छंद लागला. व्हायोलिनांच्या लाटांखाली ढोलकी गुदमरते. आपल्या भागावरचा ‘धर्मवीर’ २०२२ मध्ये आला. पडद्यावर ठाणं दिसतं, कानाला ते भेटत नाही. नाट्यगीतांचे आणि भावगीतांचे कार्यक्रम गडकरी रंगायतनपासून सावित्रीबाई फुले नाट्यमंदिरापर्यंत वर्षभर चालतात. ते स्मरणरंजन आहे, कलेची वाटचाल त्यात नाही. ठाण्याचे नगराध्यक्ष राहिलेले जनकवी पी. सावळाराम आपल्या काळाच्या बोलीत लिहीत होते. त्यांचा वारसा त्यांची गाणी पुन्हा पुन्हा म्हणण्यात नाही, आपल्या काळाची बोली ऐकण्यात आहे.

अपवाद आहेत आणि ते मोलाचे आहेत. नागराज मंजुळे यांना ‘फँड्री’चा जब्या सापडला तो हलगी वाजवणाऱ्या सोमनाथ अवघडेमध्ये. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये वीरा साथीदारांचा नारायण कांबळे मंचावर उभा राहतो, संभाजी भगतांची रचना गातो आणि कॅमेरा जवळजवळ हलत नाही. गाण्याला पडद्यानं दिलेला हा मान मराठीत दुर्मीळ आहे. नारायणच्या गाण्यावरच खटला चालतो, म्हणजे गाणं हीच कथा आहे. त्याआधी आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षं खपून ‘जय भीम कॉम्रेड’ केला. १९९७ च्या रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर जीव देणाऱ्या शाहीर विलास घोगरेंपासून तो सुरू होतो. राष्ट्रीय पुरस्कार ‘कोर्ट’ला मिळाला, अनुयायी मिळाले नाहीत. आमच्या संगीतकारांनी त्यातून काही घेतलं नाही, हा माझा आरोप आहे.

आणि घ्यायला काय कमी होतं? गायक प्रल्हाद शिंदे सोलापूरकडच्या मंगळवेढ्याहून आले आणि २००४ मध्ये कल्याणात वारले.  पंढरीची वारी आणि चौदा एप्रिल या दोन्हींना ज्याच्या आवाजावाचून सुरुवात होत नाही, असा माणूस आपल्या लोकलच्या मार्गावर राहत होता. त्या आवाजाची घडण पाहा. वरच्या पट्टीत ललकारी, मग टाळ्यांवर उतरणारी कव्वाली, कोरसाचा धक्का आणि पुन्हा ललकारी. विठ्ठलाला आणि भीमाला तोच गळा, तीच आर्तता. मराठी चित्रपटानं या घराण्याकडून काय मागितलं? आनंद आणि आदर्श शिंदेंच्या गळ्यातला जोर तेवढा. गाभाऱ्याचं एखादं गाणं सोडलं, तर डीजेचा आवाज वाढवायला तो गळा कामाला लावला. गळा तोच आहे, विषय काढून घेतलाय.

बेंजो पार्टीचंही तसंच. गणपतीत, जयंतीत, हळदीत बेंजोवर जी करामत चालते, ती ठाण्यापासून बदलापूरपर्यंतचं खरं जिवंत वाद्यसंगीत आहे. कर्जत-कसाऱ्याच्या गाड्यांत सकाळी डब्याच्या पत्र्यावर ठेका धरून भजनं म्हणणारी मंडळं आहेत. गाडीचा खडखडाट हाच त्यांचा ताल. एखाद्या मराठी चित्रपटाचं गाणं या तालावर उभं राहिलेलं मला आठवत नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘काला’ येण्याच्या एक वर्ष आधी, २२ जून २०१७ ला, कल्याणजवळ नेवाळीत शेतकरी रस्त्यावर उतरले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी धावपट्टीसाठी घेतलेली जमीन परत मिळावी, ही मागणी. मलंगगडाचा रस्ता धुमसत होता. त्याआधी १९८४ च्या जानेवारीत उरणकडे जासईला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. भातखाचरं गेली, मिठागरं गेली, त्यांच्यावर आमचे फ्लॅट उभे राहिले. मीही अशाच एका फ्लॅटात बसून हे लिहितो आहे. ज्यांची जमीन गेली त्यांचं चित्रपटातलं गाणं कोणतं? हळदीचं. त्यांच्या भाषेतून राग काढला, शोक काढला, जमीन काढली आणि कमरेवर हात ठेवून नाचण्यापुरतं बाकी ठेवलं. हे प्रेम नव्हे. एखाद्या समाजाला कायमचं लग्नाच्या मांडवात बसवून ठेवणं म्हणजे त्याला बाकी आयुष्य नाकारणं आहे.

मला सांगतात, लोकांना हेच हवं असतं, आगरी पोरंच हळदीला ही गाणी लावतात. लावतात, कारण दुसरं कुणी बनवलं नाही. गाना कुणाला हवा होता? रंजित यांनी तो मोठ्या आवाजात, आब राखून वाजवला, तेव्हा तो हवा झाला. मला सांगतात, तमिळ चित्रपटाकडे पैसा आहे. हलगीला पैसा लागत नाही. धवलारणीच्या पडवीत बसायला पैसा लागत नाही. ‘कोर्ट’ काही कोट्यवधींच्या सेटवर झाला नव्हता. लागते ती एकच गोष्ट: संगीतकारानं ज्याचं गाणं करायचं त्याच्या दारात जायचं, तो बोलतो तसं लिहायचं, आणि त्याच्या गळ्याला आपल्या गायकाच्या गळ्यापेक्षा कमी समजायचं नाही.

‘काला’त मला एक उणीव जाणवते आणि ती इथंच सांगायला हवी. धारावीतल्या मराठी दलितांचा आवाज त्यात ऐकू येत नाही. तमिळ ताल आहेत, हिंदी रॅप आहे, हलगी नाही, भीमगीताची ललकारी नाही. पण तमिळ दिग्दर्शकानं ते आणून द्यावं अशी अपेक्षा मी का करू? ते काम आमचं होतं.

म्हणून मराठी संगीतकारांना, विशेषतः ठाणे-डोंबिवलीत वाढलेल्या तरुण संगीतकारांना माझी विनंती आहे. पुढचं ‘आगरी’ गाणं लिहिण्याआधी कल्याण-डोंबिवलीच्या सत्तावीस गावांतल्या एखाद्या हळदीला जा. डीजेच्या मांडवात थांबू नका, आत पडवीत जा. मी ज्या धवलारणीपाशी बसलो होतो, तिच्यामागे गाणारं तिच्या घरात कुणी नाही. सुनेला दोन धवले येतात, नातीला एकही येत नाही. तिला सगळे मिळून किती येतात हे मी विचारलं. तिनं बोटांवर मोजायला घेतलं आणि वीसच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडून दिलं.