लेखनप्रमाद कोणता आणि दुरुस्ती कोणती?

माणमध्ये बोलायचं म्हटल्यावर दोन प्रकारचे श्रोते समोर असणार हे मी धरूनच आलो. एक, हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्यात प्रोग्राममधल्या चुका काढणारे. दुसरे, ज्यांच्या जमिनीवर तो टप्पा उभा राहिला ते. 'दुरुस्ती' हा शब्द दोघांच्याही रोजच्या बोलण्यातला आहे. एकाला बग आठवतो, दुसऱ्याला सातबारा. आज या दोन दुरुस्त्या शेजारी ठेवून बघू या.

कोपायलट, डेव्हिन, क्लॉड कोड ही साधनं आता नुसता सल्ला देत नाहीत. तक्रार वाचतात, फाइली शोधतात, ओळी बदलतात, चाचण्या चालवतात. चाचणी नापास झाली की पुन्हा बदलतात. त्यांचं मोजमाप कसं करतात तेही बघा. २०२३ साली प्रिन्स्टनच्या मंडळींनी पायथनच्या १२ प्रकल्पांतल्या २,२९४ खऱ्या तक्रारींची एक परीक्षा तयार केली. त्या वेळी सर्वांत चांगल्या मॉडेलला दोन टक्केसुद्धा सुटल्या नाहीत. पुढे त्यातल्याच ५०० निवडक तक्रारींवर २०२५ मध्ये आकडा सत्तरच्या पुढे गेला. प्रगती मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. माझा आक्षेप 'सुटली' या शब्दावर आहे. इथे 'सुटली' म्हणजे 'चाचणी पास झाली'.

हा आक्षेप काही नवा नाही. आजच्या भाषिक मॉडेलांच्या आधी जेनप्रॉग नावाची आपोआप दुरुस्ती करणारी प्रणाली होती. १०५ पैकी ५५ चुका दुरुस्त केल्याचा तिचा दावा होता. एमआयटीतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये त्या दुरुस्त्या उघडून वाचल्या. खरोखर बरोबर निघाल्या फक्त दोन! बऱ्याच ठिकाणी तर त्रास देणारा भागच काढून टाकला होता. दुखणारा दात काढला की दुखणं थांबतं, तसं.

आपल्या नैयायिकांनी याला केव्हाच नाव देऊन ठेवलंय. जिथे धूर तिथे अग्नी, हे ठीक. पण जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मध्ये ओलं सरपण लागतं. त्याला 'उपाधी' म्हणतात. 'चाचणी पास, म्हणून प्रोग्राम बरोबर' या अनुमानालाही अशीच एक उपाधी आहे: नियम चाचणीत पूर्ण उतरलेला हवा. आणि तो क्वचितच पूर्ण उतरतो.

उदाहरण घेऊ. समजा, सातबाऱ्याचा एक प्रोग्राम आहे. एका गटात सगळ्या खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळत नाही, म्हणून तो थांबतो. तक्रार जाते: 'प्रोग्राम बंद पडतो.' एजंट दोनपैकी एक गोष्ट सहज करू शकतो. तपासणीची अट काढून टाकेल, किंवा उरलेले दोन आर शेवटच्या खातेदाराच्या नावावर टाकेल. चाचणी हिरवी. सोबत नम्र भाषेत खुलासाही. पण प्रोग्राममध्ये चूक नव्हतीच! कुणाचा तरी हिस्सा चुकीचा चढला होता, आणि प्रोग्राम थांबला हाच त्याचा प्रामाणिकपणा होता. दोन आर म्हणजे जवळपास दोन गुंठे. माणमध्ये दोन गुंठ्यांचा अर्थ मी सांगायला नको.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये हा भेद स्वच्छ दिसतो. कलम १५५ लेखनप्रमादासाठी आहे: नाव लिहिताना हात घसरला, आकडा उलटा पडला. तिथेसुद्धा अधिकाऱ्याला तपासणीत चूक दिसली, तर पक्षकारांना नोटीस दिल्याशिवाय ती सुधारता येत नाही. हक्कच बदलणार असेल तर कलम १५०: फेरफार नोंदवहीत नोंद, चावडीवर प्रत, हितसंबंधितांना नोटीस, हरकत आली तर ती वेगळ्या वहीत. नोंद करतो तलाठी, प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त सोसलंय, त्यामुळे मी तिचे गोडवे गात नाही. पण लेखनप्रमाद आणि हक्कातला बदल एक नव्हे, एवढं तिला कळतं.

एजंटला प्रत्येक चूक लेखनप्रमादच वाटते, ही माझी मुख्य तक्रार. खरा लेखनप्रमाद असेल तर त्याने खुशाल दुरुस्त करावा. निसटलेला कंस शोधण्यात माणसाची रात्र का घालवायची? पण नियमच ठरवायचा असेल तेव्हा त्याने थांबून विचारायला हवं.

कुणी म्हणेल, माणसंही हेच करतात. करतात की! रात्री दोन वाजता अट काढून टाकणारा इंजिनिअर या सभागृहातही असेल. फरक असा की त्याला आपण काय केलं ते माहीत असतं, आणि सकाळी त्याला विचारता येतं. एजंटची दुरुस्ती मंजूर करणाऱ्याला सकाळी विचारलं तर? जुनी ओळ गिटमध्ये सापडेल, जुना फेरफार सापडतो तशी. मंजुरीवर नावही सापडेल. पण दिवसाला चाळीस दुरुस्त्या पुढ्यात आल्यावर त्या नावाच्या माणसाने ती ओळ वाचली होती का? आणि ज्याचे दोन गुंठे हलले, त्याला नोटीस कुणी दिली?

आता प्रश्न घेऊ. तलाठी कार्यालयात काम केलेलं कुणी असेल, तर त्यांनी आधी बोलावं. इंजिनिअर मंडळी नंतर.